संकल्पातला काठ

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दगूबाई रोजच्याच वेळी उठली. दूधवाल्याची मोटरसायकल अजून गल्लीत शिरली नव्हती. अंथरुणावर बसल्याबसल्या तिने उजव्या हाताची बोटं जमिनीला लावली, कपाळाला टेकवली आणि मगच पाय खाली सोडले. घर शेणामातीचं होतं तेव्हापासूनची ही सवय. आता खाली गुळगुळीत फरशी होती. पण दगूबाईच्या लेखी तीही जमीनच. तिने अंगण झाडलं, सडा टाकला आणि मागच्या पडवीत चूल पेटवली. घरात गॅस होता, सून दीपमाला त्यावर चहा करत होती; भाकरी मात्र दगूबाई चुलीवरच करी, आणि पहिली भाकरी कळण्याची, उडीद घालून दळलेल्या पिठाची. गावाच्या, कळसाडीच्या, रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याकडे चालली होती. न्हाणीघरात हेमकांत अंगावर पाणी ओतत होता आणि पाण्यापेक्षा मोठ्या आवाजात नळाला शिव्या देत होता. चेतना ओसरीवर बसून कॉलेजची पिशवी भरत होती.

पहिली भाकरी तव्यावरून उतरली. दगूबाईने तिचा चतकोर तोडला. घरधनी नाना गेल्यापासून, म्हणजे वर्ष होत आलं तरी, हा तुकडा ती रोज उत्तरेच्या भिंतीवर ठेवत आली होती. त्या भिंतीपलीकडे गल्ली आणि गल्लीपलीकडे नानांचं शेत. कधी कावळा येई, कधी साळुंकी, कधी शेजारची मांजर. दगूबाईची कोणाच्याच येण्याला हरकत नसे.

आज मात्र ती उत्तरेकडे गेलीच नाही. अंगण ओलांडून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती दक्षिणेच्या भिंतीशी गेली. ती भिंत उंच होती. टाचा उचलून तिने तुकडा कसाबसा वर सरकवला आणि हात जोडले.

"माय, आज तठे कसाले?" चेतनाने विचारलं.

"तुन्हा नाना तठे शेतस ना आते," दगूबाई वळूनही न पाहता म्हणाली. "तूच म्हनी."

चेतनाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. कारण ते खरं होतं. नाना दक्षिणेला आहेत असं गमतीने तीच म्हणाली होती.

चेतना शहाद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत असे. चौतिशी ओलांडली होती. तिच्या लग्नाचा विषय नाना गेल्यापासून घरात कोणी काढला नव्हता. मोठा भाऊ हेमकांत नंदुरबारला सरकारी कचेरीत होता आणि सुटीच्या दिवशी शेत पाही. नानांचं, म्हणजे दोधू पाटलांचं, दर महिन्याचं श्राद्ध त्याने तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावर नेमाने केलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आधी एक श्राद्ध असतं, ऊनाब्दिक म्हणतात. ते गेल्या आठवड्यात झालं. सुटी होती म्हणून चेतनाही गेली आणि पायऱ्यांवर, भावाच्या मागे बसून तिने प्रथमच संकल्प लक्ष देऊन ऐकला.

संकल्पात, कर्म सुरू करण्याआधी, आपण कोण, केव्हा आणि कुठे बसलो आहोत हे यजमानाने बोलून दाखवायचं असतं. त्यातल्या 'कुठे'ची चेतनाला फार गंमत वाटली. आधी जंबुद्वीप, मग त्यातलं भरतवर्ष, त्यातला भरतखंड, मग दंडकारण्य, मग नदी आणि शेवटी नदीचा काठ. आभाळातून पाहणारा डोळा हळूहळू खाली उतरत यावा आणि अखेर एका ओल्या पायरीवर बसलेल्या, गुडघा दुखणाऱ्या हेमकांतवर स्थिरावावा, तसं ते होतं. वर्गात नकाशाचं प्रमाण शिकवताना हे सांगायला हवं, असा विचार ती करत होती, तोच योगेंद्र गुरुजी म्हणाले, "गोदावर्याः दक्षिणे तीरे," आणि हेमकांत त्यांच्यामागून तेच म्हणाला.

चेतनाने समोर पाहिलं. समोर तापी होती. ते सगळे तिच्या उत्तर काठावर बसले होते. गोदावरी तिथून किती डोंगर पलीकडे, पार नाशिककडे होती.

परवा रात्री जेवताना तिने ती गंमत सांगितली. "बसायचं तापीच्या उत्तर काठावर आणि सांगायचं गोदावरीचा दक्षिण काठ! वरीसभर नानांना चुकीच्या पत्त्यावर बोलावतोय आपण." दीपमाला हसली. हेमकांतही हसला. दगूबाईचा घास मात्र ताटाशीच थांबला.

"वरीसभर?" तिने विचारलं.

आणि दुसऱ्या दिवशी तिने शांतपणे सांगितलं, वर्षश्राद्ध करायचं नाही. वर्षश्राद्ध झालं की गेलेला माणूस पुढे जातो, वाडवडिलांच्या पंगतीत बसतो, असं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. "पन जो मानूस आठे उनाच नही, त्याले पुढे कसा धाडशात?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच हेमकांत घाबरला. सुरतेचे, दोंडाईच्याचे पाहुणे बोलावून झाले होते.

आता न्हाणीतून बाहेर येऊन त्यानेही दक्षिणेच्या भिंतीवरचा तुकडा पाहिला. टॉवेलने डोकं पुसत तो बहिणीजवळ आला.

"तुले कोनी सांगेल व्हतं व्हय भूगोल शिकाडाले? कॉलेजमा पगार देतस ना त्यान्हा? मंग घरमा फुकट कसाले शिकाडस?"

"मी गंमत केली होती, भाऊ."

"तुन्ही गंमत व्हयनी, मायनी झोप गई. आते तूच निस्तर."

पाहुण्यांचं काय, त्यांना फोनही करता आला असता. पण टाचा उचलून त्या उंच भिंतीवर तुकडा सरकवणारी आई चेतनाच्या डोळ्यांपुढून हलेना. आयुष्यात एकदाच तिने आईला भूगोल शिकवला होता, आणि आईने तो अक्षरशः खरा मानला होता.

*

कॉलेज सुटल्यावर ती स्कूटरने प्रकाशाला गेली. दुपार कलली होती. घाटावर गर्दी नव्हती. मध्य प्रदेशाकडून आलेलं एक कुटुंब पायऱ्यांवर कपडे वाळवत होतं. बॅरेजचा बंधारा झाल्यापासून इथलं पाणी उन्हाळा-हिवाळा फुगलेलंच असे. गोमाई तापीला जिथे मिळते ती जागा लहानपणी दोन रंगांच्या पाण्यावरून ओळखू येई. आता सगळं पाणी एकाच रंगाचं, संथ, आरशासारखं.

योगेंद्र गुरुजी पिंपळाच्या पारावर बसून दर्भ निवडत होते. चाळिशीचे, सडसडीत, बोलण्यात मोकळे. चेतनाने सगळं सांगितलं. भिंतीवरच्या भाकरीचंही सांगितलं. गुरुजी ऐकत राहिले आणि त्यांचे हात थांबले.

"दक्षिणे तीरे म्हणालो मी?"

"म्हणालात. हेमकांतही म्हणाला."

"तो काय, मी 'चहा ठेवा' म्हटलं असतं तरी म्हणाला असता." पण गुरुजींचं हसू लगेच ओसरलं. "ताई, माझी पाठशाळा गोदावरीच्या दक्षिण काठावर होती. पोरपणी जिभेवर बसलेला संकल्प. गुरूच्या अंगणातली नदी शिष्याच्या तोंडात राहते, असं म्हणा."

"पण गेल्या महिन्यात तुम्ही अमेरिकेतल्या कुणाचं श्राद्ध फोनवर केलंत ना? दीपमाला वहिनी सांगत होती. तेव्हा कुठली नदी सांगितलीत?"

"त्यांना म्हटलं, आधी बाहेर जा आणि जवळची नदी कुठली ते विचारून या." गुरुजी रंगात आले. "आता तिकडे जंबुद्वीप म्हणावं की आणखी काही, यावरच आमच्या लोकांत दोन मतं. त्यात त्या नदीचं नाव असलं, की यजमानालाच नीट म्हणता येईना, मग मला कुठलं येणार? चार वेळा म्हणून घेतलं. नदी चुकायला नको ना."

"अमेरिकेची नदी विचारून घेतलीत," चेतना हळूच म्हणाली, "आणि इथली?"

गुरुजींनी पाण्याकडे पाहिलं. वाळत घातलेल्या लुगड्याची सावली पाण्यावर हलत होती.

"इथं विचारायची गरजच पडली नाही," ते म्हणाले. "रोज पाय तिच्यातच असतात."

चेतना आली होती आईसाठी, काही उपाय मिळतो का ते पाहायला. पण विचारता विचारता तिची स्वतःची उत्सुकताच पुढे निघाली. तिने विचारलं, प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणतात. म्हणजे काशी इथे आली, तर मग तिथे काय उरलं? गुरुजी म्हणाले, तीर्थं चालत येतात, पण मूळची जागा सोडत नाहीत. हे फक्त त्यांनाच जमतं, आपल्याला बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलवावं लागतं. तिने विचारलं, आंघोळीच्या बादलीतल्या पाण्यालाही आपण गंगा म्हणतो, तर नदीचं नाव चुकलं म्हणून काय बिघडलं? गुरुजी म्हणाले, बादलीला गंगा म्हणताना आपल्याला ठाऊक असतं की ही बादली आहे.

"आणि तापीचं तर न्यारंच. गंगेत न्हावं लागतं, नर्मदेला डोळ्यांनी पाहावं लागतं, तापीला नुसतं आठवलं तरी पुरे, असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगतात. सूर्याची लेक ही. तिला आठवायचं सोडून मी गोदावरी आठवत बसलो."

"तो संगम आता पाण्याखाली गेला. मग तीर्थ नेमकं कुठे?"

"तीर्थ म्हणजे मुळात काय? नदी पार करायची जागा. जिथे पाणी गुडघ्याएवढं, जिथून माणसं आणि गुरं पलीकडे जातात ती. पहिल्यांदा पाय, मग वाट, मग घाट, आणि देऊळ सगळ्यात शेवटी."

"म्हणजे उतार."

"उतारच. तुमच्या कळसाडीच्या लोकांचाही एक होता, इथून वरच्या अंगाला. पूल होता, पण फेरा पडायचा. कापसाच्या गाड्या उतारावरूनच जायच्या. आता तोही पाण्याखाली. वरच्या गाडवाटा मात्र दोन्ही काठांना अजून दिसतात."

चेतनाला तो उतार ऐकून माहीत होता. नानांच्या लग्नाच्या गाड्या तिथूनच गेल्या होत्या.

"आणि आमचं गोत्र? ते तरी बरोबर सांगता ना?"

"कश्यप."

"ते आमचं खरंच, की कोणालाच माहीत नाही म्हणून?"

"माहीत नसेल त्याचं कश्यप," गुरुजींनी कबूल केलं. "पण त्याला हलकं समजू नका. परशुरामाने सगळी पृथ्वी जिंकली आणि कश्यपांना देऊन टाकली. तेव्हापासून पृथ्वीला काश्यपी म्हणतात. म्हणजे शेतकऱ्याचं आणि त्याच्या शेताचं गोत्र एकच."

"म्हणजे जमीन आमची भावकी?"

"भावकी म्हणू नका. लगेच बांधावरून भांडणं सुरू होतील."

दोघंही हसले. मग चेतनाने मुख्य प्रश्न विचारला. "गुरुजी, आईला काय सांगू? नाना आले की नाही?"

गुरुजींनी निवडलेले दर्भ एकत्र करून त्यांची जुडी बांधली.

"कर्माच्या शेवटी, काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी, असं आपण म्हणतो. ते त्यासाठीच असतं. आणि दुसरं. संकल्पातली जागा ही पितरांचा पत्ता नव्हे. त्यांना पत्ता लागत नाही. तो पत्ता आपला. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-गाव असतं ना, तसा. कोण बोलावतंय आणि कुठून, एवढंच त्यात. आईंना हे सांगा. पुढच्या वेळी मी तापीचं नाव घेईन, उत्तर काठ म्हणेन. मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलू का?"

"आधी मी बोलते," चेतना म्हणाली.

*

दगूबाई पडवीत कापसाच्या गाठोड्यापाशी बसून बोंडांचा कचरा वेचत होती. चेतना तिच्याशेजारी बसली. शेवटच्या क्षमेचं आधी सांगितलं.

"मंत्रमाधली चूक देव माफ करस," दगूबाई म्हणाली. "पत्तामाधली कशी करी? पोस्टमन कितलाबी भला ऱ्हायना, तरी टपाल लिखेल गावलेच जास."

"पण माय, तो नानांचा पत्ता नव्हताच. गुरुजी म्हणतात, तो पाठवणाऱ्याचा असतो. आपण कुठून बोलावतोय ते सांगायचं असतं फक्त."

दगूबाईने हातातलं बोंड खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काही उजळल्यासारखं झालं, आणि चेतनाला वाटलं, सुटलं कोडं. दीपमालाही दारात येऊन उभी राहिली.

"मंग तं अजूनच पक्कं व्हयनं," दगूबाई म्हणाली. "लग्ननी पत्रिका कोठून उनी ते देखीसनच मानूस गाडी जुपस. बोलावनारा कोठे बठेल शे, तठेच तो जाई ना? आपन सांगं, आम्ही दक्षिण काठले बठेल शेतस. तुन्हा नाना तठे गयात."

चेतनाने कपाळाला हात लावला. गुरुजींचा युक्तिवाद आईने एका श्वासात उलटा फिरवला होता, आणि त्यात फट सापडत नव्हती. तिने शेवटचा प्रयत्न केला. "अगं, पण तो दक्षिण काठ तापीचा नाही, गोदावरीचा म्हटला होता. नाना तिथे कशाला जातील?"

"गोदावरी त्यासनी कोठे देखेल? नाशिकले बी गया नहीत कधी. त्यासले नदी म्हंजे तापी. दक्षिण काठ म्हना, तं त्या कोपर्लीले जाई बठनात."

कोपर्ली हे दगूबाईचं माहेर, तापीच्या पलीकडे, नंदुरबारच्या बाजूला. सासऱ्यांची ती गंमत ऐकून दीपमालाला हसू आवरेना. "म्हंजे मामाजी सासरवाडीले शेतस, आत्याबाई?"

"तेच तं!" दगूबाईही हसली. नानांविषयी बोलताना ती अजूनही, ते समोर बसले असल्यासारखी, अदबीनेच बोले. "जित्ता व्हतात तव्हय मन्हा माहेरले दोन रोज ऱ्हायनात नहीत. एक रात व्हयनी का, गाडी जुपा म्हनेत, जमीन वाट देखी ऱ्हायनी म्हनेत. आते वरीस व्हयनं. बठा म्हना, खा म्हना भावजाईन्या हातन्या भाकरी!"

तिने पुन्हा बोंड उचललं आणि त्यातला कचरा काढू लागली. कचरा तर आधीच निघालेला होता.

"पन भाऊ आते नही," ती म्हणाली. "भावजाई पोऱ्याकडे सुरतले ऱ्हास. घरले कुलूप शे. तठे त्यासले पानी कोन देई?"

दीपमाला हलकेच आत निघून गेली. चेतना बसून राहिली. तिने कॉलेजात बरीच वर्षं नद्या शिकवल्या होत्या. कुठली कुठे उगम पावते, कुठली कुठे मिळते, कोणाचा गाळ काळा. कुलूपबंद घराच्या ओट्यावर तहानलेला बसलेला एक माणूस, हा नदीचा काठ होऊ शकतो, हे तिला कोणत्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. आईचं म्हणणं खरं की खोटं, हे ठरवायचं तिने सोडून दिलं. ती फक्त त्या म्हणण्याच्या मागोमाग एक पाऊल पुढे गेली. माणूस एका काठावर चुकून राहिला असेल, तर करायचं काय?

"माय," तिने विचारलं, "उद्या सकाळी आपण दोघी तिकडच्या काठाला जाऊ या? उतारावर?"

दगूबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. लेक पुन्हा गंमत तर करत नाही ना, हे ती पाहत होती.

"भाऊले सांगू नको," ती अखेर म्हणाली. "त्यान्हा डोकामा पाहुना भरेल शेतस."

*

दुसऱ्या दिवशी चूल पेटायच्या आधीच दोघी निघाल्या. थंडी होती. दगूबाईने शालीवरून पदर घेतला होता आणि स्कूटरवर ती लेकीच्या पाठीला चिकटून बसली होती. प्रकाशा मागे पडलं, पूल आला. समोरून विसरवाडीकडचे ट्रक दिवे लावून येत होते. पुलाला चाक लागताच दगूबाईने पायांतल्या चपला काढून मांडीवर घेतल्या. चेतनाला न पाहताही ते कळलं. नाना एसटीतसुद्धा तसंच करत. पूल आला की सीटखाली पाय चपलांतून मोकळे करून बसत. तापी उतरताना पायांत वहाण नको. गेल्या वर्षी याच पुलावरून त्यांना नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं होतं. रुग्णवाहिकेत ते आडवे होते, पाय अनवाणीच होते, आणि तरीही पुलावर त्यांनी पायांची बोटं हलवली होती. त्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

पूल ओलांडून त्या वरच्या अंगाला वळल्या. कापसाच्या आणि पपईच्या शेतांमधून वाट विचारत गेल्या. एका बाभळीपाशी रस्ता संपला आणि तिथून जुनी गाडवाट खाली पाण्याकडे गेलेली दिसली. दोन्ही बाजूंनी मातीचे कडे, मध्ये गाड्यांनी वर्षानुवर्षं कापत नेलेली खोल घळ. खाली ती पाण्यात शिरे आणि दिसेनाशी होई. पलीकडच्या काठावरही तशीच एक घळ पाण्यातून वर येत होती. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, त्या शांत पाण्याच्या तळाशी, चाकोऱ्या अजून असतील का, असा प्रश्न चेतनाला पडला.

आपला काठ तिने पहिल्यांदाच पलीकडून असा थांबून पाहिला. शेतांची हिरवी पट्टी, तिच्यामागे सातपुड्याची निळी रेघ. कळसाडी त्यात कुठे असेल ते सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ती जे 'इथे' म्हणत आली, ते इथून 'तिथे' होतं.

"तू आठेच थांब," दगूबाई म्हणाली.

ती एकटी घळीतून खाली गेली. याच वाटेने ती नवरी होऊन गाडीत बसून पाण्यात उतरली होती. बैल मध्येच अडले तेव्हा नवरदेवाने गुडघाभर पाण्यात उडी टाकून त्यांना ओढलं होतं, आणि धोतर भिजल्याबद्दल सगळ्या वऱ्हाडाने त्याची टर उडवली होती. ही गोष्ट चेतनाने आईकडून इतक्या वेळा ऐकली होती, की आता तिला ते भिजलेलं धोतर दिसलंही.

पाण्यापाशी दगूबाई वाकली. बोटं ओल्या मातीला लावली, कपाळाला टेकवली. मग सरळ झाली आणि पदर पुढे ओढून घेतला, घरात नाना आले की ओढी तसा. ती काहीतरी बोलत होती. वाऱ्याबरोबर चेतनापर्यंत थोडंच आलं.

"...बस व्हयना पाहुनचार. चला आते. ऊन व्हई ऱ्हायनं."

ती चढून वर आली तेव्हा तिला थोडी धाप लागली होती, पण चेहरा एखादं काम उरकल्यासारखा होता. चेतनाने स्कूटर सुरू केली. दगूबाई मागे बसली. पण येताना बसली होती तशी चिकटून नाही. ती सीटच्या अगदी मागच्या टोकाला सरकून बसली, आणि दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा राहिली.

"माय, पडशील. पुढे सरक."

"नही पडत. तू हळू चालव."

चेतनाने पुन्हा सांगितलं नाही. स्कूटर तिने इतकी सावकाश हाकली, की उसाचे ट्रॅक्टरही भोंगा वाजवून पुढे गेले. पुलाच्या तोंडाशी ती थांबली. पायांतल्या चपला काढून तिने पुढच्या हुकाला अडकवल्या आणि मग पुलावर चाक घातलं. लोखंडी ब्रेकचा गारवा अनवाणी तळव्याला लागला. पुलाच्या मध्यावर तिला मागे वळून पाहावंसं वाटलं. तिने आरशातही पाहिलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा गल्लीत ऊन पसरलं होतं. फाटकापाशी चेतनाने पाय टेकवून स्कूटर थांबवली. मागून दगूबाई आधी उतरली, एका बाजूला झाली आणि अदबीच्या, हलक्या आवाजात म्हणाली, "उतरा."

लेकीला ती जन्मात कधी 'उतरा' म्हणाली नव्हती. चेतना स्कूटर थोडी कलती धरून तशीच बसून राहिली. कोणी नीट उतरावं, लुंगी-धोतर सावरावं, एवढा वेळ. मग तिने स्टँड लावला.

"कोठे गयथ्यात दोन्ही?" हेमकांतने दारातून विचारलं.

"मन्हा माहेरले," दगूबाई आत जाता जाता म्हणाली. "गुरुजीले सांग, परवा वेळवर या. पाहुनासले बी सांग."

हेमकांतने बहिणीकडे पाहिलं. बहीण फोन लावत होती. "गुरुजी, परवाचं नक्की," ती म्हणाली. "हो. तापी. उत्तर काठ."

पडवीतून चुलीचा धूर निघू लागला. थोड्या वेळाने दगूबाई पहिल्या भाकरीचा चतकोर घेऊन बाहेर आली. पाण्याच्या टाकीकडे तिने पाहिलंही नाही. अंगण सरळ ओलांडून ती उत्तरेच्या भिंतीशी गेली, आणि टाचा न उचलता, शेताच्या बाजूला, तो तुकडा तिने ठेवला.